डब्यात न मिळणारी जिप्सी

३४५ भागिले २४. उत्तर साधारण १४.४. सुझुकी जिमनीचं १:२४ मापाचं जपानी किट घेऊन त्यातून आपली मारुती जिप्सी करायची असेल, तर हा भागाकार आधी करावा लागतो. जिमनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २,०३० मिलिमीटर, जिप्सीचं २,३७५. फरक ३४५ मिलिमीटरचा, आणि तो सगळा दाराच्या मागे आहे. म्हणजे कोऱ्या करकरीत किटची बॉडी दाराच्या मागे करवतीने उभी कापायची, मधे १४.४ मिलिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी बसवायची, पुट्टी भरायची आणि सांधा दिसेनासा होईपर्यंत घासत बसायचं. मग पुढची जाळी वेगळी, बंपर वेगळा, सीट वेगळ्या. एवढं करून तळहातावर मावेल अशी जिप्सी तयार होते. हीच जिप्सी बाहेर रणथंबोरला पर्यटकांना घेऊन वाघामागे धावते आणि वर्षानुवर्षं लष्करात, पोलिसात राबली आहे.

जयपूरच्या राजा पार्कात राहून हा उद्योग करताना पहिला प्रश्न घरातूनच येतो: जिप्सीचंच किट का नाही आणत? कारण ते नाही. टामिया, हासेगावा, रेवेल, एअरफिक्स या मोठ्या नावांच्या यादीत जिप्सी नाही, ॲम्बॅसॅडर नाही, प्रीमियर पद्मिनी नाही. निसानची स्कायलाइन आहे, पोर्शे डझनावारी आहेत, १९६६ ची फोक्सवॅगन बीटल आहे. आपल्या देशाने ज्या गाड्यांतून लग्नाची वऱ्हाडं नेली, त्यांतली एकही डब्यात मिळत नाही. असं का, याचं उत्तर शोधताना या छंदाचा सगळा इतिहास हाती लागतो, आणि तो छंदापेक्षा विक्रीचाच जास्त आहे.

निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ मध्ये इंग्लंडात एअरफिक्स काढली. रबरी खेळणी आणि कंगवे हा तिचा सुरुवातीचा माल. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीने तिच्याकडून आपल्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करून घेतली, विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे ठेवायला. ती जोडायला वेळखाऊ होती, म्हणून पुढे सुट्या भागांतही विकली जाऊ लागली. अमेरिकेत एएमटी या कंपनीचा जन्म १९४८ चा. फोर्ड आणि इतर कारखान्यांच्या नव्या गाड्यांच्या १:२५ प्रतिकृती ती बनवायची आणि त्या शोरूममध्ये जायच्या. बाप गाडी बघत असताना पोराच्या हातात द्यायला. १९५८ पासून त्याच साच्यांतून तिने सुट्या भागांची किट काढली: एकाच डब्यात मूळ गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, यांपैकी हवी ती करा. महागड्या पोलादी साच्याचा खर्च आधीच निघालेला असे, त्यामुळे किट पोरांच्या खाऊच्या पैशांत बसायचं.

आता आपल्याकडे या. फियाट किंवा ॲम्बॅसॅडरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत. जो गिऱ्हाईक रांगेतच उभा आहे, त्याला भुलवायला छोटी गाडी कोण कशाला करेल? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याला किंवा उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सला पोराच्या हातात काही ठेवण्याची गरजच पडली नसावी. हे माझं अनुमान आहे, पण त्यावर मी ठाम आहे. परमिट राजने आपल्याला गाड्या दिल्या नाहीत हे सगळे म्हणतात. गाड्यांची खेळणीही दिली नाहीत, हे कुणी म्हणत नाही.

खेळणी अगदीच नव्हती असं नाही. ब्रिटिश डिंकीचे जुने साचे साठच्या दशकाच्या शेवटी कलकत्त्याला आले आणि ‘निकी टॉइज’ या नावाने ओतीव धातूच्या गाड्या इथे निघू लागल्या. तळाला जिथे डिंकीचं नाव होतं ते घासून काढलेलं असे. रंग जाडाभरडा, चाकं थोडी तिरकी. आज परदेशातले संग्राहक याच ओबडधोबडपणासाठी त्या शोधतात. पण या तयार गाड्या. जोडण्याचा छंद हा वेगळाच प्राणी.

मराठी माणसाला प्रतिकृतींची ओळख तशी पुष्कळ आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवून, घडवून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांची चांदीची आगगाडी जेवणाच्या टेबलावरून ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरायची. आणि दिवाळीतला मातीचा किल्ला तर आपण सगळ्यांनीच केला आहे. मात्र त्या किल्ल्यात महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि बुरुजाशेजारी प्लॅस्टिकचा वाघ बुरुजाएवढाच बसलेला असतो. कुणाची तक्रार नसते. १:२४ मध्ये ती सूट मिळत नाही. इथे प्रत्येक गोष्टीला २४ ने भागायचं, आणि भागाकार चुकला की डोळ्याला लगेच कळतं, भले का ते सांगता येवो न येवो.

हा भागाकार कुठवर जातो पाहा. ॲम्बॅसॅडरची लांबी ४,३२५ मिलिमीटर. १:२४ मध्ये ती १८० मिलिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी कमी. इथपर्यंत सोपं. दार आणि बॉडी यांच्यातली चार मिलिमीटरची फट ०.१७ मिलिमीटर होते. ती रंगाने सहज बुजते, म्हणून रंगाआधी टोकदार हत्याराने कोरून खोल करावी लागते. खऱ्या गाडीवरचा रंग, सगळे थर धरून, सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. त्याला २४ ने भागलं तर उरतात जेमतेम चार मायक्रॉन. एवढा पातळ रंग कुठल्याच माणसाच्या हातून लागत नाही. म्हणजे आपण कितीही हलक्या हाताने मारला, तरी आपली गाडी मापाच्या हिशेबात दोन मिलिमीटर जाड रंग लेवून उभी असते. मेटॅलिक रंगात तर चमकीचा कण तसाच मोठा राहतो आणि गाडीवर अभ्रक उधळल्यासारखं दिसतं. वजनाचं गणित आणखी गमतीचं. घनफळाला २४ ने तीनदा भागायचं, म्हणजे १३,८२४ ने. साडेसहाशे किलोची मारुती ८०० या हिशेबाने ४७ ग्रॅमची व्हायला हवी. कुठलंही किट याहून जडच भरतं.

मापं १:२४ आणि १:२५ अशी दोन शेजारी का, हेही सांगून टाकतो. इंग्रजी पद्धतीत एका फुटाला अर्धा इंच धरला की १:२४ येतं. १:२५ हे डेट्रॉइटच्या नकाशांवरून आलेलं अमेरिकन माप. १:४३ चा उगम छोट्या रेल्वेत आहे: ब्रिटिश ‘ओ’ गेजमध्ये फुटाला सात मिलिमीटर धरत, आणि स्टेशनबाहेर उभ्या करायच्या गाड्या त्याच मापात आल्या. बाकी मापांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. नवशिक्याने १:२४ धरावं.

डबा उघडला की आत प्लॅस्टिकच्या चौकटी दिसतात आणि त्यांना भाग लटकलेले असतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. पोलादी साच्यात वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने सोडतात, ते ज्या वाटांनी वाहत गेलं त्या वाटा म्हणजे स्प्रू. भाग हाताने तोडायचा नाही, पक्कडीने दोनदा कापायचा: एकदा लांबून, एकदा जवळून. एका फटक्यात कापला तर प्लॅस्टिक ताणून पांढरं पडतं आणि तो डाग रंगाखालूनही डोकावतो. चिकटवायचं द्रव्य हा खरा तर गोंद नव्हेच. ते प्लॅस्टिक विरघळवतं. दोन भाग एकमेकांना लावून धरायचे, बारीक ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीतून धावत जातो, दोन्ही कडा क्षणभर मऊ होतात आणि एकजीव होतात. हलकंसं दाबलं की सांध्यावर मण्यासारखी पातळ कड वर येते. वाळल्यावर ती घासली की सांधा नाहीसा. लोक उत्साहाने जास्त द्रव लावतात आणि त्यात बोटाचा ठसा कायमचा उमटवून ठेवतात.

रंगाचं काम मात्र गावावर अवलंबून. राजा पार्कात मे महिन्यात दुपारी एअरब्रश चालवला, तर रंगाचा थेंब बॉडीवर पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. उपाय दोन: थिनरमध्ये वाळणं लांबवणारं द्रव्य मिसळा किंवा पहाटे उठा. त्यात आंधी. फाळणीनंतर निर्वासितांनी वसवलेल्या या वस्तीत आज नंबरांच्या गल्ल्या, गुरुद्वारा, पंचवटी सर्कल आणि कपड्यांच्या दुकानांची गर्दी आहे. पण जून उजाडला की थरचं वाळवंट फार लांब नाही याची आठवण दाराच्या फटीतून आत येते. कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि धूळ बॉडीला चिकटते. कोरड्या फडक्याने पुसलं तर आणखी वाढते. ओलसर फडकं लागतं.

दादरच्या चाळीत नेमकं उलटं. तिथे जुलैत लॅकर मारलं की थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळी गाडी दुधाळ होते. मुंबईत हा छंद असणाऱ्यांचा अर्धा पावसाळा कोरड्या दिवसाची वाट बघण्यात जातो. जयपूरला डिसेंबर-जानेवारी म्हणजे रंगाचा हंगाम: कोरडी हवा, बेताचं ऊन, वारा नाही. फक्त त्याच दिवसांत जयपुरी रजया बाहेर निघतात, आणि रजईचा एक तंतू ओल्या रंगावर कसा बरोबर बॉनेटच्या मधोमध उतरतो हे मला आजवर उमगलेलं नाही. रंग मारला की लगेच त्यावर केकचा प्लॅस्टिकचा डबा पालथा घालावा.

जयपूरची खरी मेहेरनजर हत्यारांत आहे. जोहरी बाजार राजा पार्कापासून फार लांब नाही. दागिने घडवणाऱ्याला आणि खडे बसवणाऱ्याला जे लागतं तेच आम्हाला लागतं: उंदराच्या शेपटीसारख्या बारीक कानशी, टोकाला सुईसारखे चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, केसाएवढ्या पात्याची करवत, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल. परदेशी छंदाच्या दुकानात हेच सामान खोक्यात घालून चौपट भावात विकतात.

रंगाचं मात्र तसं नाही. मॉडेलचे रंग ज्वलनशील असल्याने विमानाने पाठवण्यावर बंधनं असतात आणि स्प्रेचे डबे मागवणं तर जवळपास अशक्य. म्हणून आपल्याकडचे बरेच जण गॅरेजवाल्यांना रंग विकणाऱ्या दुकानाकडे वळतात. जिप्सी करायची असेल तर हे शहाणपणाचंच. मारुतीचा पांढरा तिथे मारुतीच्याच नावाने मिळतो. फक्त तो भरपूर पातळ करायचा आणि आधी प्रायमरचा थर द्यायचा, नाहीतर तिखट थिनर प्लॅस्टिकलाच खातो. खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ रोखणारा मास्क, यात तडजोड नको.

खर्चाचं बोलायचं तर मुख्य अडथळा सरकारी आहे. सीमाशुल्काच्या यादीत ९५०३ या शीर्षकाखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या आणि लहान आकाराची स्केल मॉडेल एकत्र नांदतात. खेळण्यांवरचं हे शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. देशी खेळण्यांना संरक्षण हवं हे मान्य. पण ज्या वस्तूला देशी पर्यायच नाही तिच्यावरच्या शुल्काने संरक्षण कुणाचं होतं, हे कळत नाही. गंमत अशी की एअरफिक्सची मालक असलेल्या हॉर्नबीने मधल्या काळात काही किटचं उत्पादन भारतात करून घेतलं. ‘मेड इन इंडिया’ छापलेले ते डबे इंग्लंडच्या दुकानात सर्रास मिळायचे.

या महागाईमुळे जोडणारे आणि जमवणारे यांच्यातलं जुनं भांडण आपल्याकडे जास्त धारदार होतं. न उघडलेल्या, उत्पादन बंद झालेल्या किटची किंमत चढत जाते. जोडलं की ती गेली. त्यामुळे कपाटात डब्यांची थप्पी लागते आणि माणूस जोडण्यापेक्षा मागवण्यात रमतो. माझं मत जोडणाऱ्यांच्या बाजूने आहे. कपाटातलं किट म्हणजे फक्त छापील खोकं. गाडीचा मागचा अॅक्सल कशाला टेकलेला असतो, स्टीअरिंगची दांडी चाकापर्यंत कशी पोचते, हे बोटांनी एकदा जोडल्यावर कळतं ते वर्षानुवर्षं गाडी चालवून कळत नाही. तरुण मुलांना आणखी एक वाट मिळाली आहे, थ्री-डी प्रिंटरची. संगणकावर गाडी काढा, रेझिनमध्ये छापा. पोलादी साच्याची आणि हजारो डबे खपण्याची अट त्यामुळे संपते. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. ती आता कुठल्या कंपनीची वाट न बघता घरी छापता येईल.

त्यासाठी मापं मात्र खऱ्या गाडीवरून घ्यावी लागतात. म्हणून ॲम्बॅसॅडर कुठे उभी दिसली की आम्ही मोजपट्टी काढतो. मालक बहुधा जवळ येऊन विचारतो, “लेनी है क्या?” नाही म्हटलं, छोटी बनवायची आहे म्हटलं, की तो स्वतःच पट्टीचं दुसरं टोक धरतो, आणि डिकीचं झाकण मूळचं नाही, बदललेलं आहे, तेवढं तुमच्या मापात घेऊ नका, असं बजावतो.