गावच्या पैशाला गावचा कारभारी

पनवेल परिसरातल्या एखाद्या जुन्या शाळेत वर्गावर्गांतून फिरून पाहावं. पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात नाव, कपाटाच्या दारावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, पायरीच्या फरशीत कोरलेलं नाव. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.’ हे सगळं कोणीतरी मनापासून दिलेलं असतं आणि शाळेच्या उपयोगीही पडलेलं असतं. पण मुख्याध्यापकांना विचारावं, आता काय हवंय, तर उत्तर सहसा पंखा नसतं. वाडीवरून येणाऱ्या मुलींसाठी रिक्षाचं महिन्याचं भाडं हवं असतं. संगणक शिकवायला येणाऱ्या बाईंचं मानधन थकलेलं असतं. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांना पाऊस पडेपर्यंत गावातच ठेवून घेणारं कोणीतरी हवं असतं. यांतल्या कशावरही नाव रंगवता येत नाही, आणि म्हणून यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा मिळत नाही.

पनवेलमध्ये देणारे कमी नाहीत. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं हे गाव २०१६ च्या १ ऑक्टोबरला महापालिका झालं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल आणि आजूबाजूची २९ गावं एका कारभारात आली. तळोज्याला औद्योगिक वसाहत आहे, पलीकडे पाताळगंगेलाही आहे आणि आता तर विमानतळही सुरू झालाय. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ साली जासईला झालेल्या लढ्यात पाच जणांनी जीव दिला, त्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन मिळाली. विमानतळासाठी ती साडेबावीस टक्के झाली. एका पिढीत या तालुक्यातल्या अनेक घरांमध्ये जमिनीचा पैसा आला. त्याच वेळी कर्नाळ्याच्या डोंगराकडच्या आदिवासी वाड्यांवर रेशनकार्डापासून दवाखान्यापर्यंत सगळ्याची वानवा आहे. दोन्ही एकाच तालुक्यात, गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर. मधे जे नाही, त्याबद्दल हा लेख आहे.

जगात त्याला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. आपण लोकनिधी म्हणू. एका प्रदेशातल्या अनेकांनी थोडाथोडा पैसा एका ठिकाणी ठेवायचा, मुद्दल राखायचं आणि येणाऱ्या उत्पन्नातून त्याच प्रदेशातल्या गरजांना वर्षानुवर्षं पैसा पुरवायचा. पहिली अशी संस्था अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात १९१४ साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने उभी केली. त्याला खटकत होती ती एक गोष्ट: मृत्युपत्रातून लोक पैसा ठेवून जातात, पण त्यांनी घातलेल्या अटी काळाबरोबर निरर्थक होतात आणि पैसा कुलपात पडून राहतो. सेंट लुइसच्या ब्रायन मलान्फी या माजी महापौरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्या मालमत्तेचा एक हिस्सा पश्चिमेकडे निघालेल्या गरीब वाटसरूंच्या मदतीसाठी ठेवला. पुढे रेल्वे आली आणि तसे वाटसरूच राहिले नाहीत. गॉफची कल्पना सरळ होती: पैसा कायमचा राहू द्या, तो कशावर खर्चायचा हे मात्र त्या त्या काळातल्या गावकऱ्यांच्या समितीला ठरवू द्या.

हे वाचताना मला आपल्या शाळांच्या बक्षीस समारंभाची आठवण होते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी आईच्या नावाने १,००१ रुपये कायम ठेव म्हणून दिले, ‘संस्कृतमध्ये प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीस’. तेव्हा ती रक्कम मोठी होती. आज सात टक्क्यांनी तिचं वर्षाचं व्याज सत्तर रुपये होतं. पाकिटात सत्तर रुपये घालून देणं बरं दिसत नाही, म्हणून शिक्षक स्वतःच्या खिशातून भर घालतात किंवा ते बक्षीस गुपचूप यादीतून गळतं. अशा पाच-पन्नास ठेवी वेगवेगळ्या संस्थांच्या खात्यांवर पडलेल्या असतात. देणाऱ्याची नातवंडं पुण्यात किंवा न्यू जर्सीत, शाळेतला कारकून बदललेला, पावती कुठल्या कपाटात आहे ते कोणाला ठाऊक नाही. मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं, तर ती रक्कम जवळच्या दुसऱ्या हेतूकडे वळवण्याची तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात, कलम ५५ मध्ये, आहे. पण सत्तर रुपयांसाठी धर्मादाय कार्यालयाची आणि कोर्टाची पायरी कोण चढणार? लोकनिधीत असल्या छोट्या ठेवी एकत्र गुंतवता येतात, प्रत्येकीचं नाव स्वतंत्र राहतं, आणि आईच्या नावाचं बक्षीस नुसतं यादीत न उरता मुलीच्या हातात पडतं.

कोकणाला ही कल्पना परकी नाही. धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकवण्या करून पोट भरत होते, तेव्हाच त्यांनी दापोली तालुक्यातल्या आपल्या मुरूड गावासाठी ‘मुरूड फंड’ काढला. बाहेर नोकरीधंद्याला गेलेल्या मुरूडकरांनी आपल्या कमाईतला ठरावीक हिस्सा गावासाठी काढून ठेवायचा आणि तो गावच्या सार्वजनिक कामांना लावायचा, असा तो प्रकार. विधवाविवाह, अनाथ बालिकाश्रम, महिला विद्यापीठ हे सगळं नंतरचं. आधी त्यांनी गावाचा निधी उभा केला होता. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड काढला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लालबाग-परळच्या चाळींमधली ग्रामस्थ मंडळं तर आपल्याला माहीतच आहेत. महिन्याची वर्गणी, वहीत नोंद, गावी शाळेची खोली, स्मशानाची शेड, विहिरीला पंप. गिरण्या बंद पडल्या आणि त्या मंडळांची पुढची पिढी खारघर-कामोठ्याच्या इमारतींमध्ये राहायला आली. ती आजही सातारा, रत्नागिरी, चिपळूणकडच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला पैसे पाठवते. जिथे राहते त्या पनवेलला देण्याचा रस्ता मात्र तिला कोणी दाखवलेला नाही.

परदेशातल्या मराठी माणसांनी हा रस्ता बराच आधी शोधला. १९७८ साली अमेरिकेत सुरू झालेलं महाराष्ट्र फाउंडेशन तिथल्या मराठी कुटुंबांकडून देणग्या घेतं आणि इथल्या संस्थांकडे पोचवतं. सुनील देशमुख यांच्या देणगीतून १९९४ पासून त्याचे साहित्य आणि समाजकार्याचे पुरस्कार सुरू झाले. हजारो मैलांवर बसून पैसा देणाऱ्याला सगळ्यात मोठी अडचण असते ती माहितीची: कोण खरं काम करतंय? पुण्यात वीणा गोखले यांनी २००५ पासून पितृपंधरवड्यात भरवलेलं ‘देणे समाजाचे’ प्रदर्शन आणि ‘लोकसत्ता’ दैनिकाचा २०११ पासूनचा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रम हे दोन्ही त्याच प्रश्नाचं उत्तर आहेत. ‘लोकसत्ता’त गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत दहा संस्थांची ओळख छापून येते, वाचक संस्थेच्या नावाने धनादेश पाठवतात. यावरून एवढं नक्की कळतं की ओळख करून देणारा भरवशाचा असला, तर मध्यमवर्गीय मराठी माणूस हात आखडता घेत नाही. पण उत्सव दहा दिवसांचा असतो आणि प्रदर्शन काही दिवसांचं. उरलेले महिने त्या कामाला गावात मुक्कामी असलेली संस्था लागते.

ती संस्था नेमकं काय करते? एखादी कार्यकर्ती वाडीवरच्या बचत गटाकडे किंवा तरुणांच्या अभ्यासिकेकडे जाते. अहवाल इंग्रजीत आहे का, हे ती पाहत नाही. ती हजेरीपट चाळते, आणि सगळ्या तारखांना एकाच शाईने ‘उपस्थित’ लिहिलेलं असेल, तर थांबून विचारते. पासबुकातल्या नोंदी आणि पावती पुस्तकातले आकडे शेजारी ठेवून ताडून बघते. शेजारच्या घरात चहा घेते आणि वर्ग खरंच रोज भरतो का, ते कानावर घेते. सहा महिन्यांनी पुन्हा जाते. मुंबईच्या एखाद्या कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) पैसा वाटणारा अधिकारी हे करू शकत नाही, आणि वर्षाला पंचवीस हजार लागणाऱ्या गटाकडे तो वळणारही नाही; त्याला कोटीचा प्रकल्प आणि नोंदणी क्रमांक लागतो. लोकनिधी अशा गटाला आधी पंचवीस हजार देतो, मग नोंदणी, लेखापरीक्षण, आयकराचं प्रमाणपत्र ही कागदपत्रं उभी करायला शिकवतो. माझ्या मते ही दुसरी मदत पहिल्यापेक्षा मोठी आहे.

पनवेल तालुक्यात मोठं काम करणाऱ्या संस्थाही आहेत. नेऱ्याचं शांतिवन १९५१ साली कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालं आणि पुढे वृद्धाश्रम, आश्रमशाळा, निसर्गोपचार असं वाढत गेलं. १९६१ साली स्थापन झालेल्या युसूफ मेहेरअली सेंटरचं काम मुंबई-गोवा महामार्गावरच्या तारा गावात आहे. दवाखाना, शाळा, तेलघाणी, साबण, मातीकाम असे उद्योग तिथे चालले. डॉ. जी. जी. पारीख आयुष्यभर त्यामागे उभे राहिले आणि वयाची शंभरी ओलांडून २०२५ च्या गांधीजयंतीला गेले. या संस्था एकेका ध्येयवेड्या माणसाच्या ओळखीवर आणि शब्दावर पैसा उभा करत मोठ्या झाल्या. ती माणसं गेल्यावर देणगीदारांशी असलेलं नातं कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यांच्यासारख्या प्रत्येक संस्थेपुढे येतो. नातं एका माणसाशी न राहता तालुक्याच्या निधीशी जोडलं गेलं, तर त्या प्रश्नाची धार कमी होते.

आपत्तीच्या वेळी तर ही उणीव उघडीच पडते. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह सापडले, ५७ जण ढिगाऱ्याखालीच राहिले. पुढच्या काही दिवसांत पनवेल-नवी मुंबईतून कपडे, धान्य, भांडी घेऊन माणसं धावली. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या घरांमध्ये ठेवलं गेलं. धावून जाणं चांगलंच. पण आईबाप गेलेल्या मुलाची फी सातव्या दिवशी भरायची नसते, ती सातव्या वर्षी भरायची असते. तोवर सगळ्या गाड्या परत गेलेल्या असतात. त्या आठवड्यात आलेल्या पैशातला निम्मा बाजूला ठेवून दहा वर्षं पुरवणारा हात लोकनिधीचाच असू शकतो.

मग हे उभं करायला अडतं कुठे? थोडं कायद्यात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या नफ्याच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे, त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं. पण २०२१ पासून हा पैसा कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही. परदेशी देणगी एका संस्थेने घेऊन दुसरीला देणं २०२० च्या दुरुस्तीने बंद झालं. एका न्यासाने दुसऱ्याला शंभर रुपये दिले, तर २०२३ च्या बदलानुसार त्यांतले पंच्याऐंशीच धर्मादाय खर्चात धरले जातात. ‘८०जी’ची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि दोन हजारांवर रोख दिली तर तीही नाही. छोट्यांना वाटून देणं हेच ज्या संस्थेचं काम, तिच्या पायात हे सगळे नियम अडकतात. त्यांतून एकच वाट उरते: मुद्दल पनवेलकरांनी स्वतःच्या खिशातून उभं करायचं. त्या मुद्दलाच्या जोरावर कारखान्यांकडून चालू कामांसाठी पैसा मागता येतो, आणि तेव्हा मागणारा याचक राहत नाही, भागीदार होतो.

थोडं अडतं विश्वासात. २०२१ साली इथल्या एका नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ठेवीदारांनी काय सोसलं ते गावाने पाहिलंय. त्यामुळे ‘पैसा कुठे ठेवणार?’ हा पनवेलकरांचा पहिला प्रश्न असेल आणि तो असायलाच हवा. न्यासाचा पैसा कुठे गुंतवायचा याला कलम ३५ चं बंधन आहेच, पण तेवढ्याने भागणार नाही. विश्वस्तांची मुदत ठरलेली हवी, सलग दोनदाच. विश्वस्ताच्या स्वतःच्या किंवा नातलगाच्या संस्थेला एक रुपयाही नाही. निवडणूक लढवणाऱ्याने आधी राजीनामा द्यायचा. कोणाला किती दिले आणि कोणाला का नाकारले, याची यादी दरवर्षी वाचनालयाच्या फलकावर लागायला हवी. समितीत डॉक्टर-वकील असतीलच. पण एक अंगणवाडी सेविका, एक कातकरी पदवीधर आणि तळोज्यात पाळी करणारा एक कामगार नसेल, तर पैसा पुन्हा पंख्याकपाटांकडे वळेल.

सुरुवात छोटी असू शकते. पाच लाखांची एक स्मृतिठेव सात टक्क्यांनी वर्षाला पस्तीस हजार देते. त्यांतले पंचवीस हजार वाटायचे, दहा हजार मुद्दलात परत टाकायचे, म्हणजे महागाईने ठेव तितकी खंगत नाही. अशा वीस ठेवी जमल्या, की दरवर्षी पाच लाख वाटता येतात. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर इमारत उभी राहिलेली वीस घरं या तालुक्यात सहज निघतील. पहिल्या वर्षी त्या पाच लाखांतून वीटभट्टीच्या हंगामात मुलांना सांभाळणाऱ्या वाड्यांवरच्या बायांचं मानधन द्यावं. दिवाळीपासून पावसापर्यंत, दर महिन्याच्या पाच तारखेला, थेट त्यांच्या खात्यात.