क्षारता आणि पाणीवाटपाचे करार : कोलोरॅडो, गंगा व म्हादई

मुठेचे पाणी भीमा व कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते. १९७३ साली बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्याचे वाटप केले, ते अब्ज घनफुटांत. पाणीवाटपाचे करार सामान्यतः घनफळाच्याच भाषेत होतात. क्षारतेचा तंटा उद्भवतो तो नेमका या भाषेच्या मर्यादेमुळे.

याचे ठळक उदाहरण कोलोरॅडो नदीचे आहे. १९४४ च्या तहान्वये अमेरिकेने मेक्सिकोस दरवर्षी १५ लाख एकर-फूट पाणी देण्याचे मान्य केले. पाण्याच्या प्रतीविषयी मात्र तह मूक होता. सिंचनाच्या पाण्याचे बाष्पीभवन होते, क्षार मागे राहतात व निचऱ्यावाटे पुन्हा नदीत येतात. १९६१ पासून ॲरिझोनातील वेल्टन-मोहॉक क्षेत्रातील भूगर्भातील खारे पाणी उपसून नदीत सोडण्यात आले. मेहिकाली खोऱ्यातील पिकांची हानी झाली. ठरलेले घनफळ मिळत असूनही पाणी उपयोगाचे नव्हते! दीर्घ वाटाघाटींनंतर ३० ऑगस्ट १९७३ रोजी करार क्रमांक २४२ झाला. मोरेलोस बंधाऱ्याच्या वर मेक्सिकोस मिळणाऱ्या पाण्याची वार्षिक सरासरी क्षारता इंपीरियल धरणापाशी असलेल्या क्षारतेपेक्षा दशलक्ष भागांत ११५ (अधिक-उणे ३०) भागांहून जास्त नसावी, असे ठरले. मर्यादा निरपेक्ष नाही, दोन ठिकाणांमधील फरकाची आहे. त्यामुळे नदीतील मूळच्या क्षारांचा वाद टळला व वाढीव क्षारांची जबाबदारी निश्चित झाली. निचऱ्याचे पाणी पुढे स्वतंत्र कालव्याने सांता क्लारा दलदलीकडे वळविण्यात आले. त्यासाठी यूमा येथे उभारलेला क्षारनिर्मूलन प्रकल्प १९९२ साली पूर्ण झाला, परंतु फार थोडा काळ चालला.

म्हादईचा प्रश्न वरवर याच जातीचा भासतो, पण तसा नाही. कर्नाटकातून गोव्यात येऊन मांडवी होणाऱ्या या नदीत वरचे राज्य क्षार सोडीत नाही. क्षार येतात समुद्रातून. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा खारे पाणी मागे रेटतो. तो ओसरला की भरतीबरोबर खारेपणा खाडीत वर सरकतो. खाजन शेतीचे बांध व मानशी हा या चक्राशी गोव्याने साधलेला जुना मेळ होय. २०१८ च्या निवाड्याने कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ व महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यापैकी ३.९ अब्ज घनफूट खोऱ्याबाहेर मलप्रभेकडे वळवावयाचे आहे. क्षारतेच्या दृष्टीने हे पाणी कोणत्या महिन्यात वळविले जाते, हाच कळीचा मुद्दा ठरतो.

कोलोरॅडोचे सूत्र येथे लागू पडत नाही. अधिक जवळचा दाखला गंगेचा : १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाल्यानंतर खुलना भागातील नद्यांत कोरड्या ऋतूत खारेपणा वाढल्याची तक्रार बांगलादेशाने केली. १९९६ च्या करारात १ जानेवारी ते ३१ मे या काळाचे दर दहा दिवसांचे वाटप आहे. त्यातही क्षारतेचा अंक नाहीच. तरीही वार्षिक बेरजेऐवजी उन्हाळ्यातील प्रवाह मोजला गेला. मांडवीसाठी एखाद्या निश्चित ठिकाणी डिसेंबर ते मे या महिन्यांचा किमान प्रवाह ठरविणे व खाडीतील क्षारतेच्या नोंदी तिन्ही राज्यांस खुल्या ठेवणे, ही दोन कलमे प्रस्तुत लेखकास अत्यावश्यक वाटतात.