टाइमस्लिप्स

टाइमस्लिप्स ही स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, जडलेल्या वृद्धांनी एकत्र बसून कथा रचण्याची एक पद्धत आहे. त्याच नावाची संस्था या पद्धतीचे प्रशिक्षण देते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथील नाट्य-अभ्यासक ॲन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती विकसित केली. वृद्धांना जुने आठवायला न लावता नवे कल्पायला सांगणे, हे तिचे मुख्य सूत्र आहे.

पार्श्वभूमी

वृद्धांचे भूतकाळात रमणे हे पूर्वी मानसिक ऱ्हासाचे लक्षण समजले जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ती वार्धक्यातील स्वाभाविक प्रक्रिया असल्याचे प्रतिपादन केले. पुढे आठवणी जागवणारे उपक्रम वृद्धांच्या शुश्रूषेत रूढ झाले.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मात्र अशा उपक्रमांत अडचण येऊ शकते. ‘हे कोण, ओळखलेत का?’ या प्रेमाने विचारलेल्या प्रश्नालाही एकच बरोबर उत्तर असते. ते न सापडल्यास रुग्णाला आपल्या उणिवेची जाणीव होते आणि चुकण्याच्या भीतीने तो बोलणेच टाळू लागतो. स्मृती क्षीण झाली तरी भावना, विनोदबुद्धी व कल्पनाशक्ती पुष्कळदा दीर्घकाळ टिकून राहतात. टाइमस्लिप्सची उभारणी याच क्षमतांवर झाली आहे.

उगम

मिलवॉकीतील एका शुश्रूषागृहात बास्टिंग नाट्य-उपक्रम घेत असत. स्मरणावर आधारलेल्या त्यांच्या प्रयोगांना रहिवाशांकडून प्रतिसाद मिळेना. तेव्हा त्यांनी मासिकातील मार्लबरो सिगारेटच्या जाहिरातीचे पान फाडून त्यावरील काउबॉयचे चित्र सर्वांपुढे ठेवले आणि त्याला नाव देण्यास सांगितले. कोणी ‘फ्रेड’ म्हटले, तर पुढे आडनाव जोडून त्याचा ‘फ्रेड अस्टेअर’ हा प्रसिद्ध नट-नर्तक झाला. मग त्याचे गाव ठरले आणि पाहता पाहता अबोल मंडळी कथेत रमली.

कार्यपद्धती

रहिवासी वर्तुळाकार बसतात. त्यांना विनोदी किंवा कुतूहल जागवणारे एखादे चित्र दाखवले जाते. चित्रातील व्यक्ती त्यांच्या परिचयाची नसणे इष्ट असते, कारण परिचित चेहरा दिसताच ओळखण्याची परीक्षा पुन्हा सुरू होते. संचालक ‘हिचे नाव काय ठेवूया?’, ‘ती कुठे निघाली असेल?’, ‘तिथे कसला वास येतो?’ असे मोकळे प्रश्न विचारतो.

मिळालेले प्रत्येक उत्तर मोठ्या कागदावर लिहिले जाते. असंबद्ध शब्द, नुसता हुंकार किंवा हातवारेही नोंदवले जातात. दोन उत्तरे परस्परविरोधी असली तरी दोन्ही ठेवली जातात. संचालक मधूनमधून कथा वाचून दाखवतो. त्यामुळे धागा विसरलेल्यांनाही पुन्हा सहभागी होता येते. शेवटी संपूर्ण कथा वाचून सर्वांचे आभार मानले जातात.

परिणाम

‘द जेरोंटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० शुश्रूषागृहांची तुलना करण्यात आली. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी हा उपक्रम राबवला होता. तेथील रहिवासी अधिक सजग व सहभागी आढळले, तसेच कर्मचारी आणि रहिवासी यांच्यातील संवादही अधिक होता. उपक्रमात भाग घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा रुग्णांकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक सकारात्मक होता. कर्मचाऱ्यांचे कामातील समाधान व कामामुळे येणारा थकवा यांत मात्र फरक आढळला नाही.

विस्तार

मिलवॉकीतील ‘लूथर मॅनर’ या वृद्धनिवासात होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यातील पेनेलपी या व्यक्तिरेखेवर आधारित दीर्घ प्रकल्प झाला. पतीच्या परतीची २० वर्षे वाट पाहणारी ही स्त्री रहिवाशांच्या चर्चा, हालचाली व कलाकृतींचा विषय ठरली. २०११ मध्ये वृद्धनिवासातच सादर झालेल्या नाटकात रहिवासी, कर्मचारी, विद्यार्थी आणि व्यावसायिक कलावंत यांनी एकत्र भाग घेतला. बास्टिंग यांना २०१६ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

मर्यादा

टाइमस्लिप्स हा वैद्यकीय उपचार नाही. त्यामुळे रोग बरा होत नाही किंवा गेलेली स्मृती परत येत नाही. घाईने उत्तर सुचवणारा किंवा चूक दुरुस्त करणारा संचालक असल्यास उपक्रमाचा हेतूच नष्ट होतो. म्हणून महागड्या साहित्यापेक्षा प्रशिक्षण, निवांत वेळ आणि उत्तराची वाट पाहण्याची तयारी या गोष्टी अधिक आवश्यक ठरतात.