पहिल्या लघवीतली खूण

एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम 80 ते 90 मिलिलिटर, म्हणजे टपरीवरच्या एका कटिंग चहाएवढे. अपुऱ्या दिवसांचे असे बाळ काचेच्या पेटीत ठेवले, की तपासण्यांसाठी त्यातलेच थोडे थोडे काढावे लागते. लघवी मात्र ते आपणहून देते. लंगोटात कापसाचा बोळा ठेवला, तरी ती गोळा करता येते.

बाळ 37 आठवड्यांच्या आत का जन्मले, याचे उत्तर अनेकदा गर्भजलाच्या पिशवीत असते. योनिमार्गातले जंतू वर चढतात, पिशवीचे पडदे आणि वार यांना सूज येते. आईला ताप येतोच असे नाही. हा दाह गर्भापर्यंत पोहोचला, तर त्याच्या रक्तात इंटरल्युकिन-6 हे प्रथिन वाढते. रोबर्टो रोमेरो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये अमेरिकेत या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. अशा बाळांच्या फुप्फुसांना आणि मेंदूला अधिक धोका असतो.

खरी पंचाईत वेळेची. वारेच्या तपासणीचा अहवाल यायला काही दिवस जातात. सीआरपी वाढायला 12 ते 24 तास लागतात, रक्ताच्या कल्चरला बहुधा त्याहून जास्त. तोवर प्रतिजैविके अंदाजानेच सुरू होतात. ती विनाकारण लांबली, तर आतड्यांचा जीवघेणा आजार होण्याची शक्यता वाढते.

म्हणून संशोधकांचे लक्ष पहिल्या एक-दोन दिवसांच्या लघवीकडे गेले. त्यातली काही लघवी तर पोटात असतानाच तयार झालेली असते. तिच्यात इंटरल्युकिन-6 आणि बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन मोजता येतात. यातले दुसरे प्रथिन आणि पुढे होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार यांचा संबंध जपानी डॉक्टरांनी अभ्यासला आहे.

पण इथे एक गोम आहे. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन मूत्रपिंडातून गाळले जाते आणि निरोगी मूत्रपिंडाच्या नलिका ते परत शोषून घेतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नलिकाच कच्च्या. मग लघवीत वाढलेले प्रथिन दाहाचे, की निव्वळ कोवळेपणाचे? 26 आठवड्यांच्या बाळाचा आकडा 34 आठवड्यांच्या बाळाशी ताडून चालणार नाही. शिवाय लघवी पातळ आहे की दाट, हेही पाहावे लागते. त्यासाठी क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात.

आपल्याकडे ही तपासणी अजून नित्याची नाही. तूर्त भिस्त आईच्या माहितीवरच आहे: पाणी कधी गेले, त्याला वास होता का, ताप होता का. प्रसूतीच्या धावपळीत हे कागदावर लिहायचे राहून जाते, आणि वार तर तपासणीला न जाता बादलीत जाते.