ऐकू येतं, पण उमगत नाही!

चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर एकदा जरी गेला असाल, तरी तिथला गलका तुम्हांला सांगायला नको. सासनकाठ्या नाचत असतात, ढोल-हलग्या कडाडत असतात, गुलालाने आभाळ लाल होते आणि ‘चांगभलं’च्या गजरात शेजारच्याचे बोलणेही कळत नाही. तीन वर्षांपूर्वी याच गर्दीत आमचे आठ वर्षांचे चिरंजीव हरवले.

“तू इथंच पायरीवर बस, मी गुलाल-खोबरं आणते,” असे बजावून मी वळले. परत येऊन पाहते तो पायरी रिकामी! माझ्या काळजाचे पाणी झाले. अर्ध्या तासाने स्वारी सापडली ती एका दुकानापुढे, मुठीत दहाची नोट घट्ट धरून. रागाच्या भरात मी एक चापट दिली. तो हुंदके देत म्हणाला, “तूच म्हणालीस ना, गुलाल-खोबरं आण!”

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. घरी मिक्सर चालू असताना ताट मागावे, तर हा पाट आणून ठेवी. शाळेची तक्रार ठरलेली : लक्ष देत नाही. आम्हीही त्याला वेंधळा म्हणून मोकळे झालो होतो.

प्रथम कान तपासून घेतले. मळ नाही, पडद्यामागे पाणी नाही. शांत खोलीतली चाचणीही उत्तम! तेव्हा श्रवणतज्ज्ञ बाईंनी समजावले : कान आवाज पोचवतो, पण त्यातून शब्द निवडणे हे मेंदूचे काम. अनेकजण एकदम बोलत असता माणूस एकच आवाज कसा निवडतो, याचे प्रयोग कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रसिद्ध केले. ही निवड काही मुलांना जड जाते.

त्यासाठी गोंगाटातले शब्द ओळखणे, दोन्ही कानांत एकाच वेळी निरनिराळे आकडे ऐकवणे अशा चाचण्या असतात. त्या बहुधा सातव्या वर्षानंतर करतात. मात्र चंचलपणा किंवा भाषेची अडचण यांचीही लक्षणे अशीच दिसतात; म्हणून घाईने शिक्का मारू नये. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवण आणि वाचा या दोहोंचे तज्ज्ञ आहेत.

घरचे उपाय साधे आहेत. लांबून ओरडू नये. आवाज चढवल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. जवळ जावे, नाव घ्यावे, त्याने आपल्याकडे पाहिले की एका वेळी एकच गोष्ट सांगावी. आधी टीव्ही बंद करावा. ‘कळलं का?’ असे विचारले, की मूल ‘हो’च म्हणते, त्यापेक्षा ‘काय करायचं, सांग बरं?’ असे विचारावे. शाळेत पुढचा बाक आणि फळ्यावर लिहिलेला गृहपाठ एवढे मागून घ्यावे. आमच्या बाईंनी ते आनंदाने दिले.

यंदा पुन्हा डोंगरावर गेलो. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले, पायरीकडे बोट दाखवले आणि म्हटले, “इथं बसायचं. काय करायचं?”

“इथं बसायचं.”

गुलाल-खोबरं घेऊन परतले, तर चिरंजीव नखशिखांत लाल होऊन तिथेच बसलेले!