ठाणे जिल्हा आणि सरासरीचा घोळ

एका शिक्षक शिबिरात आम्ही एक सोपे गणित घातले होते. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ भरली. क्षेत्रफळ ९,५५८ चौरस किलोमीटर. तर घनता किती? भागाकार झाला, उत्तर आले ११५७. मग आम्ही विचारले, "दर चौरस किलोमीटरला साधारण एवढीच माणसे राहतात, असे तुमच्या ओळखीचे एखादे ठिकाण सांगा." उल्हासनगरच्या बाई हसल्या. मोखाड्याहून आलेले गुरुजीही हसले; पण दोघांच्या हसण्याची कारणे अगदी उलट होती.

उल्हासनगर शहरात त्या वेळी सुमारे तेरा चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर लोक राहत होते, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सदतीस-अडतीस हजार. मोखाड्यात मात्र एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचे तर मध्ये डोंगर उतरावा आणि चढावा लागतो. हे दोन्ही एकाच जिल्ह्यात होते आणि तो जिल्हा २०११च्या गणनेप्रमाणे देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा होता. ११५७ हा आकडा चूक नव्हता. फक्त तो कोणाचाच नव्हता.

माणसे अशी विषम का पसरली? नकाशा समोर ठेवला तर पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये डोंगराळ पट्टा दिसतो. उत्तरेकडचे पाणी वैतरणा नेते, दक्षिणेकडचे उल्हास. वैतरणा उगम पावते त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात, गोदावरीच्या उगमापासून फार दूर नाही. पण गोदावरी पूर्वेला वळून सुमारे १,४६५ किलोमीटर चालते. वैतरणा पश्चिमेला उतरते आणि दीडशे किलोमीटरच्या आसपास समुद्र गाठते. एवढ्या कमी अंतरात एवढी उंची उतरायची तर पाणी धावणारच.

पाऊस मात्र भरपूर. वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर, सह्याद्रीकडे जावे तसा वाढत जाणारा. पर्जन्यछायेतले तालुके पाच-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढतात, हे लक्षात घेतले तर ही चैनच म्हणायची. तरीही मोखाडा, जव्हार, शहापूरच्या पाड्यांवर फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी आटू लागतात आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते. हे कोडे सोडवायचे तर वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एक कोरडी भाजलेली वीट आणि साधारण तेवढाच काळा दगड घ्या. दोन्हींचे वजन करा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पुसून पुन्हा वजन करा. विटेचे वजन चांगलेच वाढलेले दिसेल. दगडाचे जवळजवळ तेवढेच राहील.

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. विटेत असतात तशी एकमेकांना जोडलेली सूक्ष्म छिद्रे त्यात फारशी नसतात. पाणी साठते ते भेगांत, दोन थरांच्या सांध्यांत आणि दगड झिजून झालेल्या मुरुमात. मुरुमाचा थर जाड असेल तिथे विहीर टिकते. उतारावर तो पातळ असतो. जुलैतच भरून जातो आणि उरलेला सगळा पाऊस वरून वाहून जातो. थोडक्यात, भांडे लहान आणि ओतणारा उदार. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा तर भांड्याचा आकार महत्त्वाचा, ओतलेल्या पाण्याचा नव्हे. या साध्या गोष्टीकडे पाठ्यपुस्तकातल्या पर्जन्यमानाच्या तक्त्यात लक्ष वेधले जात नाही, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते.

अशा जमिनीवर भात, नागली, वरई अशी पावसाळी पिके निघतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांचे जीवन त्यांवर आणि जंगलावर उभे राहिले. किनाऱ्यावर मासेमार कोळी, खाडीकाठी मीठ आणि भात पिकवणारे आगरी, वसईत केळीच्या बागा राखणारे वाडवळ आणि ख्रिस्ती शेतकरी. हा झाला जुना जिल्हा.

नवा जिल्हा रुळांवरून आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला गेले. तिथून एक फाटा थळ घाटाकडे, दुसरा बोर घाटाकडे. किनाऱ्याने गुजरातची वेगळी वाट. पुढच्या शतकात माणसे या तीन रेषांना चिकटत गेली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना ठेवले गेले आणि त्यातून उल्हासनगर झाले. भिवंडीत यंत्रमाग वाढले, खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहिली. १९९१ साली जिल्ह्यात ५२ लाख लोक होते, २००१ मध्ये ८१ लाख, २०११ मध्ये १ कोटी १० लाख. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा या तालुक्यांत रूळ गेले नाहीत.

पाणी मात्र तिथूनच निघाले. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे मोडक सागर, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग याच डोंगरांतला. तानसा आपल्या उंचीमुळेच मुंबईला पाणी देऊ शकते. पण शहापूरचे कितीतरी पाडे तलावाच्या पातळीहूनही वर आहेत. पाणी उतारावर फुकट जाते, चढावर पैसे मागते. मुंबईने पाणी पिऊ नये असे कोणी म्हणणार नाही. चढाचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मात्र उरतो.

विहीर आटली की माणूसही उतारावर निघतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलेही बरोबर जातात. १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वसईच्या परिसरात या मुलांसाठी भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची कामचलाऊ झोपडी.

इथे जनगणनेचे काम केलेल्या शिक्षकांना एक गोष्ट आठवेल. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या दिवसांत जो एकदाही आपल्या घरी नव्हता, त्याची नोंद तो सापडेल तिथे करायची, असा नियम. म्हणजे भट्टीवरचे कुटुंब, मोजले गेले असेल तर, भट्टीच्या गावात मोजले गेले. मोखाड्याची जुलैतली लोकसंख्या आणि फेब्रुवारीतली लोकसंख्या हे दोन वेगळे आकडे आहेत आणि छापला जातो तो दुसरा.

१९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण दुर्गम पाड्यांपासून शंभर किलोमीटरहून दूर होते. विभाजनाच्या मागणीला अशा घटनांनी धार आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११चेच आकडे वाटून पाहिले तर ठाण्यात ८०,७०,०३२ लोक आणि घनता १९१५. पालघरात २९,९०,११६ लोक आणि घनता ५६०. अनुसूचित जमातींचे प्रमाण अखंड जिल्ह्यात १४ टक्के होते. विभागल्यावर ठाण्यात ते ५ टक्के निघाले, पालघरात ३७.

पण पालघरचे ५६० तरी कोणाचे? त्यातून वसई-विरार शहराचे १२,२२,३९० लोक आणि त्यांची जमीन वजा करा, उरलेल्याची घनता साडेतीनशेच्या आसपास येते. तेच ३७ टक्क्यांचे. जव्हार, मोखाडा, तलासरीत दहांतले नऊ जण आदिवासी आहेत. शिबिरातल्या त्या गुरुजींनी आमचे गणित वहीत उतरवून घेतले आणि स्वतःचे एक आकडेवार कोष्टक दाखवले: त्यांच्या चौथीच्या वर्गाची महिनावार हजेरी. ऑगस्टच्या रकान्यात २६ होते, फेब्रुवारीच्या रकान्यात ९. खाली त्यांनी वर्षाची सरासरी काढली होती, कारण तक्त्यात तेवढाच रकाना होता.