इंजिनाचे स्टँड आणि अनौपचारिक कौशल्याचे मोल

दिल्लीच्या करोल बागेतील नाईवाला परिसर मोटारसायकलींचे सुटे भाग आणि जुन्या बुलेटची दुरुस्ती यांसाठी ओळखला जातो. अशा बाजारपेठांच्या आधाराने चालणाऱ्या लहान कार्यशाळांत अनेक साधने कारागीर स्वतःच तयार करतात. इंजिनबांधणीचे स्टँड हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

चासीतून उतरवलेले इंजिन बाकावर स्थिर राहत नाही, कारण क्रँककेसचा तळ सपाट नसतो. घट्ट बसलेला नट सोडवताना संपूर्ण इंजिन फिरते. ते घसरून पडल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणाला तडा जाऊ शकतो. शिवाय इंजिन हलत असेल, तर निर्धारित बलाने बोल्ट आवळणेही कठीण होते.

यावरील उपाय इंजिनातच असतो. ज्या छिद्रांतून ते चासीला जोडलेले असते, त्याच छिद्रांतून ते स्टँडला जोडले जाते. छिद्रांचे अंतर पुठ्ठ्यावर उतरवून घेतात, त्यानुसार लोखंडी पट्ट्यांना छिद्रे पाडतात आणि त्या अँगलच्या रुंद पायावर वेल्डिंगने जोडतात. वेल्डिंगच्या वेळी इंजिन स्टँडवर ठेवत नाहीत. विद्युतप्रवाह बेअरिंगमधून गेल्यास त्याच्या पृष्ठभागाला इजा पोहोचते. तेल साठण्यासाठी खाली पत्र्याचे ताट ठेवले जाते.

या साधनाला मर्यादाही आहे. बुलेटसारख्या इंजिनाची क्रँककेस डाव्या व उजव्या अशा दोन भागांची असते आणि जोडणीचे बोल्ट दोन्ही भागांतून जातात. त्यामुळे हे भाग विलग करण्यापूर्वी इंजिन स्टँडवरून काढून पोकळ लाकडी चौकटीवर आडवे ठेवावे लागते. शाफ्टचे टोक पोकळीत राहते आणि त्यावर भार येत नाही.

वस्तूचे स्थान निश्चित करणे आणि तिला घट्ट पकडणे, ही मोठ्या कारखान्यांतील फिक्स्चरचीही मूलतत्त्वे आहेत. गुरुग्राम-मानेसर पट्ट्यातील वाहन कारखान्यांत अशी साधने अभियंते आराखड्यानुसार घडवतात. लहान कार्यशाळेतील कारागीर तीच तत्त्वे अनुभवातून आत्मसात करतो. फरक इतकाच, की त्याच्या ज्ञानाची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रावर नसते.

या उणिवेची व्याप्ती मोठी आहे. राष्ट्रीय कौशल्य विकास व उद्योजकता धोरण, 2015 नुसार भारताच्या एकूण कार्यबलापैकी केवळ 4.69 टक्के लोकांनी औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतले होते. त्याच धोरणात हे प्रमाण जर्मनीत 75 टक्के, तर दक्षिण कोरियात 96 टक्के नमूद केले आहे. तथापि, औपचारिक प्रशिक्षणाचा अभाव म्हणजे कौशल्याचा अभाव नव्हे. हा भेद ओळखूनच 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वअध्ययन मान्यतेचा समावेश करण्यात आला. कामातून मिळवलेल्या कौशल्याचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र देणे, हे तिचे स्वरूप आहे.

अशा मूल्यमापनात ठरावीक प्रश्नांच्या उत्तरांबरोबरच कारागिराने स्वतः घडवलेल्या साधनाचाही विचार झाला पाहिजे. स्टँडची रचना, त्याची मर्यादा आणि त्यावर केलेली उपाययोजना यांतून त्याची तांत्रिक समज स्पष्ट होते. ती नोंदवली गेली, तरच प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष कौशल्य यांतील अंतर कमी होईल.